हिरव्या कॅप्सूलचा हिशेब

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा प्रथम मनात आले की आता या वयात नवीन ते काय सांगायचे! मधुमेह, रक्तदाब, आहार, ताणतणाव यांवर आपली तज्ज्ञ मंडळी दरवर्षी उत्तम लेख लिहितात. त्यांत भर घालण्याइतका मी विद्वान नाही. १९८९ साली निपाणीत दवाखाना थाटला आणि तेव्हापासून त्याच खुर्चीवर बसलेला मी एक सामान्य फिजिशियन. परंतु मनात एक हिशेब बरीच वर्षे राहून गेला आहे. तो माझा एकट्याचा नाही, माझ्या पिढीतील अनेकांचा आहे, म्हणून या घरच्या पानांवर तो मांडण्याचे धाडस करीत आहे.

हिशेब आहे ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलचा. १९९३ ते २००२ या काळात हृदयरोग्यांना ती माझ्या हातून किती वेळा लिहिली गेली, याची मोजदाद नाही. हिरवी, पारदर्शक, डोळ्यांना गार वाटणारी ती कॅप्सूल आमच्या भागात इतकी परिचित झाली होती की औषधाच्या दुकानात तिचे नाव कोणी घेत नसे. ‘हिरवी गोळी द्या’ एवढे म्हटले की पुरे होई. रुग्ण कोल्हापूरहून येवो, मिरजेहून येवो वा बेळगावहून, त्याच्या हातातील कागदावर वरची औषधे बदललेली असत, पण ही कॅप्सूल तळाशी बहुधा असायचीच.

ती आम्ही डोळे झाकून लिहीत होतो, असे मात्र कोणी समजू नये. तिच्यामागे जे शास्त्र उभे होते ते मोठे देखणे होते. पावसाळ्यात खोबऱ्याची वाटी उघडी राहिली की खवट होते, हे आपल्या घरातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. खवटपणा म्हणजे स्निग्ध पदार्थाचे ऑक्सिडीकरण. रोहिणीच्या भिंतीत कोलेस्टेरॉलचे थर साचतात, त्याच्या मुळाशीही असाच काहीसा खवटपणा आहे, असा तो सिद्धान्त.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते रक्तातून लिपोप्रोटीनच्या कणांत भरून वाहून नेले जाते. त्यांपैकी एलडीएल हा कण आपल्या सर्वांच्या परिचयाचा. ‘अपोबी’ या एकाच मोठ्या प्रथिनाचे त्याला वेष्टन आणि पोटात कोलेस्टेरॉलच्या एस्टरांचे सुमारे दीड हजार रेणू. त्यांतील बहुअसंतृप्त मेदाम्ले ऑक्सिजनच्या मुक्त मूलकांना चटकन बळी पडतात. एका रेणूपासून दुसऱ्याला अशी ती साखळी पसरत जाते. या साखळीला मध्येच अडवणारा पहारेकरी म्हणजे अल्फा टोकोफेरॉल, अर्थात ई जीवनसत्त्व. स्वतःजवळचा हायड्रोजन देऊन ते मूलक शमवते आणि स्वतः झिजते. एलडीएलच्या एका कणात त्याचे सरासरी सहाच्या आसपास रेणू असतात. एवढ्या मोठ्या कोठाराला जेमतेम सहा पहारेकरी!

या जीवनसत्त्वाचा शोध हृदयाच्या संदर्भात लागलेला नव्हता. १९२२ साली बर्कली येथे हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना उंदरांच्या आहारात एका घटकाची उणीव राहिली की गर्भ टिकत नाही, असे आढळले. टोकोफेरॉल हे नावही प्रसूतिवाचक ग्रीक शब्दावरूनच आले. हृदयाकडे त्याचा प्रवास वळला तो १९७९ नंतर. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना एक कोडे पडले होते. भक्षक पेशींना साधे एलडीएल कितीही दिले तरी त्या कोलेस्टेरॉलने फुगत नाहीत, मग रोहिणीच्या भिंतीत फेसाळ पेशी तयार होतात त्या कशा? एलडीएलमध्ये रासायनिक बदल घडवून दिला, तर त्याच पेशी ते अधाशासारखे गिळतात, असे त्यांनी त्या वर्षी दाखवले. या शोधनिबंधाच्या लेखकांत आपले संदीपकुमार बसू होते. पुढे ते दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीचे संचालक झाले. १९८४ साली सॅन दिएगोच्या डॅनिएल स्टाइनबर्ग यांच्या गटाने, ज्यात संपत पार्थसारथी हे भारतीय शास्त्रज्ञही होते, असा बदल वाहिनीच्या अस्तरपेशीही घडवतात आणि तो ऑक्सिडीकरणाचा असतो, हे दाखवून दिले. त्या पात्रात ई जीवनसत्त्व घातले की बदल थांबत असे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे हर्मान एस्टरबाउअर यांनी तर यासाठी सुबक कसोटीच तयार केली. वेगळ्या काढलेल्या एलडीएलमध्ये तांब्याचा क्षार घालायचा आणि ऑक्सिडीकरण वेग घेईपर्यंत किती मिनिटे लागतात ती मोजायची. पहारेकरी शिल्लक आहेत तोवर शांतता, ते संपले की धडाधड खवटपणा. स्वयंसेवकांना ई जीवनसत्त्व खायला घातले की त्यांच्या एलडीएलची ही मिनिटे वाढत. किती मात्रेने वाढतात, हे ईश्वरलाल जियालाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तपासले. रोज ४०० युनिट वा त्याहून अधिक, असे उत्तर आले. आपल्या हिरव्या कॅप्सूलवर तोच आकडा छापलेला होता!

दुसरीकडे १९९३ साली न्यू इंग्लंड जर्नलच्या एकाच अंकात दोन मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. सत्त्याऐंशी हजारांवर अमेरिकी परिचारिका आणि सुमारे चाळीस हजार पुरुष आरोग्य व्यावसायिक यांच्यात जे ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होते, त्यांना हृदयविकार सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचे त्यांत दिसले. १९९६ साली केंब्रिजच्या २,००२ हृदयरोग्यांवरील चाचणीत, जीवघेणे न ठरलेले हृदयाचे झटके तब्बल ७७ टक्क्यांनी कमी झाले. त्याच चाचणीत एकूण मृत्यू घटले नव्हते, हे वाक्य आमच्यापैकी फार थोड्यांनी वाचले. मी ते वाचले होते, पण त्यावर थांबलो नाही. बेळगावच्या ग्रंथालयातून त्या लेखाची छायाप्रत घेऊन पंच्याहत्तर किलोमीटर एसटीतून परत येताना आपण फार मोठे काही हाती घेऊन चाललो आहोत, असे वाटत होते.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहीत आहे, तो सांगतो. तंबाखूच्या वखारीत काम करणारी एक बाई, वय साठीच्या जवळ, माझ्याकडे नेमाने येत असे. तिला आक्का म्हणू. तिला एकदा हृदयाचा झटका येऊन गेला होता, रक्तदाब कायम चढा, दातांना दिवसातून चार वेळा मशेरी. मी तिला ॲस्पिरिन, रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि तळाशी हिरवी कॅप्सूल लिहून दिली होती. प्रत्येक गोळी कशासाठी, हे सांगण्याची माझी पद्धत आहे. तिने हिरव्या कॅप्सूलकडे बोट दाखवून विचारले, तेव्हा मी म्हणालो होतो, “आक्का, ही काळजाला ताकद देणारी.” ऑक्सिडीकरण समजावून सांगण्यापेक्षा हे सोपे होते.

२००२ च्या पावसाळ्यात तिचा मुलगा तिला रिक्षात घालून घेऊन आला. उजवी बाजू पूर्ण गेलेली, वाचा बंद, रक्तदाब वरचा दोनशे तीसच्या पुढे. मी मुलाला विचारले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या ना? तो म्हणाला, “डॉक्टर, त्या गोळ्या दोन म्हैनं झालं आणल्या न्हाईत. पैशे पुरंनात. पन ती हिरवी गोळी एक दीस चुकवली न्हाई तिनं. तुमीच म्हनला हुतासा न्हवं, काळजाला ताकद देती म्हनून.”

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. महिन्याचे पैसे अपुरे पडले, तेव्हा तिने चार औषधांतून एक निवडले आणि ती निवड माझ्याच शब्दांवर केली. रक्तदाबाच्या गोळ्या तिला जीवनदायी होत्या. त्या सुटल्या आणि जिचा उपयोग सिद्ध झालेला नव्हता ती कॅप्सूल टिकली. ज्या हातांनी तिने चाळीस वर्षे तंबाखू निवडला, त्यांतला उजवा हात पुढे कधी उचलला गेला नाही. आणखी चार वर्षे ती जगली.

अधिक टोचणारी गोष्ट पुढेच आहे. ती आजारी पडली, त्या आधीच कॅप्सूलचा निकाल लागलेला होता. १९९९ साली इटलीत ११,३२४ हृदयरोग्यांवर झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्वाचा ठोस लाभ दिसला नव्हता. २००० साली ‘होप’ चाचणीचे निष्कर्ष आले. ९,५४१ रुग्ण, रोज ४०० युनिट, साडेचार वर्षे, लाभ शून्य. या चाचणीचे सूत्रधार सलीम युसुफ हे आपल्याच राज्यातील, बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. २००२ साली ब्रिटनमधील २०,५३६ रुग्णांच्या ‘हार्ट प्रोटेक्शन’ चाचणीने तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी तपासल्या. ई, सी आणि बीटा कॅरोटीन या जीवनसत्त्वांनी काहीच फरक पडला नाही. त्याच रुग्णांत सिम्व्हास्टॅटिनने मात्र हृदयाचे झटके, पक्षाघात आणि वाहिन्यांवरील शस्त्रक्रिया मिळून सुमारे एकचतुर्थांशाने कमी केल्या. होपचे निष्कर्ष मी वाचले होते. तरीही हात तळाच्या ओळीवर जातच राहिला. सवय झाली होती, रुग्ण मागत होते आणि लिहिली नाही तर ‘या डॉक्टरला नवीन काही ठाऊक नाही’ असे वाटेल, ही भीतीही होती.

इतके सुंदर शास्त्र व्यवहारात का कोसळले, याचा आपण डॉक्टरांनी जरा सावकाश विचार केला पाहिजे. पहिले कारण त्या पाहण्यांतच होते. स्वतःहून जीवनसत्त्वे विकत घेणारी माणसे बहुधा व्यायाम करणारी, धूम्रपान टाळणारी, वेळच्या वेळी तपासणी करून घेणारी असतात. लाभ गोळीचा की गोळी घेणाऱ्याच्या राहणीचा, हे अशा पाहणीतून पूर्णपणे वेगळे करता येत नाही. दुसरे कारण त्या तांब्याच्या कसोटीत होते. काचपात्रातील ऑक्सिडीकरण आणि रोहिणीच्या भिंतीतील ऑक्सिडीकरण एकच असेल, हे आपण गृहीत धरले. भिंतीत मायलोपेरॉक्सिडेजसारखी विकरे आहेत, त्यांच्यापासून निघणारे हायपोक्लोरस आम्ल थेट प्रथिनावर घाला घालते आणि तेथे टोकोफेरॉलचा पहारा फारसा उपयोगी पडत नाही. तिसरे कारण सिडनीच्या रोलंड स्टॉकर आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. मूलक शमवल्यावर टोकोफेरॉल स्वतःच मूलक बनते. त्याला पूर्ववत करायला सी जीवनसत्त्व वा को-एन्झाइम क्यू जवळ नसले, तर तेच कणाच्या आत साखळी पुढे नेऊ शकते. पहारेकरी एकटा पडला की फितूर होतो, असे म्हणा हवे तर.

चौथे कारण सर्वांत साधे. आपण देत होतो त्या मात्रेने शरीरातील ऑक्सिडीकरण कमी होते की नाही, हे कोणी नीट मोजलेच नव्हते. २००१ साली निरोगी माणसांना आठ आठवडे रोज २,००० युनिटपर्यंत ई जीवनसत्त्व देऊन लघवीतील आयसोप्रोस्टेन मोजले, तर त्यात फरक पडला नाही. २००७ साली कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णांत ते घटलेले दिसले, पण त्यासाठी रोज १,६०० युनिट आणि सोळा आठवडे लागले. आपल्या ४०० च्या कॅप्सूलने काय साधत होते, याचा अंदाज यावरून करावा.

याचा अर्थ एलडीएलचे ऑक्सिडीकरण ही कल्पना खोटी ठरली, असा मुळीच नाही. ऑक्सिडीकृत एलडीएल रोहिणीच्या थरांत सापडते आणि ते दाह वाढवते, हे आजही मान्य आहे. चुकला तो उपाय. खोबरे खवट होऊ नये म्हणून प्रत्येक वाटीवर राखणदार बसवण्यापेक्षा, कोंदट खोलीत खोबरे कमी भरणे शहाणपणाचे. स्टॅटिनने नेमके तेच केले. भिंतीत जाणारे एलडीएलच कमी केले, मग खवट व्हायला उरणार किती?

काही मित्र म्हणतील, “लाभ नसेल, पण नुकसान तरी काय? रुग्णाचे समाधान होते.” मीही हेच म्हणत असे. परंतु ‘निरुपद्रवी’ हा शब्दही पुढे टिकला नाही. २००५ साली होप चाचणीतील रुग्णांचा पुढचा पाठपुरावा आला, त्यात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांना हृदय दुर्बल होण्याचा त्रास अधिक आढळला. त्याच वर्षी एकोणीस चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला आणि रोज ४०० वा अधिक युनिट घेणाऱ्यांत एकूण मृत्यू किंचित वाढलेले दिसले. त्या आढाव्यावर मतभेद आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २००८ साली आली ती ‘फिजिशियन्स हेल्थ स्टडी’ची दुसरी फेरी. यात १४,६४१ अमेरिकी डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग करून घेतला होता. एक दिवसाआड ४०० युनिट, आठ वर्षे. हृदयविकार कमी झाला नाही, उलट मेंदूतील रक्तस्राव वाढला. २०११ साली ३५,५३३ पुरुषांच्या ‘सिलेक्ट’ चाचणीच्या पाठपुराव्यात, केवळ ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने २०१४ साली आणि पुन्हा २०२२ साली, हृदयविकार वा कर्करोग टाळण्यासाठी ई जीवनसत्त्व देऊ नये, असे स्पष्ट सांगितले. आणि या सर्वांखेरीज, ज्याची नोंद कोणत्याच चाचणीत होत नाही, ते नुकसान आक्काचे. गरिबाच्या खिशात निरुपयोगी औषध शिरले की उपयोगी औषध बाहेर पडते.

न्याय म्हणून हेही नोंदवतो की ई जीवनसत्त्वाला वैद्यकात स्थान आहे. मेदाचे शोषण न होणारी मुले, काही आनुवंशिक विकार, मधुमेह नसलेल्या रुग्णांतील यकृताचा मेदजन्य दाह, उतारवयातील दृष्टिपटलाच्या विशिष्ट विकारात इतर घटकांबरोबर, अशा ठिकाणी तज्ज्ञ ते विचारपूर्वक देतात. रोजच्या गरजेचे म्हणाल, तर अमेरिकेच्या २००० सालच्या शिफारशीनुसार ती प्रौढाला १५ मिलिग्रॅम आहे. करडई आणि सूर्यफुलाचे तेल, शेंगदाणे यांतून आपल्या ताटात ते येतच असते. शेंगदाण्याचा कूट घातल्यावाचून ज्यांची भाजी होत नाही, अशा आपल्या भागाला याची फार चिंता करण्याचे कारण नाही.

पण मी हे सारे ज्या मुद्द्यासाठी लिहिले, तो अजून सांगायचाच आहे. मी ही कॅप्सूल इतकी वर्षे का लिहीत राहिलो? केवळ शास्त्रावर विश्वास होता म्हणून नव्हे. एक अवघड गोष्ट बोलावी लागू नये, म्हणूनही.

निपाणीची ओळखच तंबाखू. या पानाने आमच्या गावात वखारी उभ्या केल्या, घरे बांधली, मुलांना शिकवले. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी महामार्गावर ठिय्या दिला, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले. त्याच काळात वखारीतल्या स्त्रिया संघटित होऊन मजुरीसाठी लढल्या आणि १९८२ साली ‘युगांतर’ या गटाने त्यांच्यावर माहितीपट काढला. ज्या गावाने तंबाखूच्या भावासाठी रक्त सांडले, त्या गावात समोरच्या माणसाला ‘तंबाखू सोडा’ म्हणणे म्हणजे त्याच्या अन्नाला नावे ठेवल्यासारखे वाटते. माझे निम्मे रुग्ण त्यावर जगतात, उरलेल्यांतले बरेच तो ओढतात, चघळतात वा दातांना लावतात. माझ्या दवाखान्याचे भाडेही दूरान्वये त्याच पानातून येत होते, हे मी कसे नाकारू?

आणि ऑक्सिडीकरणाचीच गोष्ट करायची, तर तंबाखूच्या धुराइतका मुक्त मूलकांचा मोठा साठा दुसरा कोणता? प्रत्येक झुरक्याबरोबर त्यांचे लोट आत जातात. टोकोफेरॉलला पूर्ववत करणारे सी जीवनसत्त्व धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात कमी असते. म्हणजे पहारेकरी ज्याच्याकडे दुबळे, त्याच्याच दारावर हल्ला मोठा. अशा माणसांना नुसती गोळी देऊन काय होते, याचेही उत्तर फिनलंडने १९९४ सालीच दिले होते. २९,१३३ पुरुष धूम्रपानकर्त्यांवरील त्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाचा कर्करोग टळला नाही आणि मेंदूतील रक्तस्रावाचे मृत्यू त्या गटात अधिक आढळले. बीटा कॅरोटीनच्या गटात तर कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. धूर तसाच ठेवून वर गोळीचे पांघरूण घालता येत नाही.

याउलट तंबाखूचा हिशेब स्पष्ट आहे. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात आपला भारतही होता. त्याच्या २००६ सालच्या निष्कर्षांत केवळ बिडी ओढणाऱ्यांत पहिल्या हृदयाच्या झटक्याची शक्यता सुमारे २.९ पट आढळली, म्हणजे सिगारेटहून बिडी सौम्य हा समज खोटा. केवळ तंबाखू चघळणाऱ्यांत ती २.२ पट, दोन्ही करणाऱ्यांत चार पटींहून अधिक. सोडणाऱ्यांत मात्र हा धोका वर्षागणिक उतरत जातो. एवढा लाभ देणारी कॅप्सूल कोणत्याही कंपनीने आजवर काढलेली नाही. आक्काला मी मशेरीबद्दल एकदाच, तेही जाता जाता बोललो होतो. तिने हसून मान हलवली आणि मी सुटकेचा श्वास टाकून कागदाच्या तळाशी हिरवी कॅप्सूल लिहिली. तिला वाटले, डॉक्टरांनी त्यावर उपाय दिला. मलाही तसेच वाटले असावे.

एखादे औषध खरेच काम करते की नाही, हे ठरवणे आपल्यासारख्या लहान गावच्या डॉक्टरांचे काम नाही, असे आपण समजतो. हे मला आता पटत नाही. कारण जगाला मान्य झालेले एक उत्तर आपल्याच जिल्ह्याने दिले आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी रोखता येईल का, हा प्रश्न बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह आपल्या खेड्यांत तपासला. १,६२० स्त्रिया, निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी, आणि गोळी देणाऱ्या आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नर्सबाई. रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली ‘लॅन्सेट’ने तो निबंध छापला आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. ज्या जिल्ह्यातील नर्सबाईंनी जगाला कसोटी कशी घ्यावी ते दाखवले, त्या जिल्ह्यातील आपण डॉक्टरांनी कसोटीला न उतरलेली गोळी सवयीने लिहीत राहावी, हे शोभत नाही.

म्हणून आपल्या संस्थेच्या सभासदांपुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, हृदयाच्या संरक्षणासाठी म्हणून ई जीवनसत्त्व आणि त्याच्या नव्या नावांच्या, नव्या वेष्टनांतल्या भावंडांना आपल्या कागदावर जागा देऊ नये. आधीपासून घेणाऱ्या रुग्णाला ‘आता नको’ एवढेच न सांगता, ‘पूर्वी आम्हाला उपयोगी वाटले होते, तपासल्यावर तसे ठरले नाही’ असे सरळ सांगावे. रुग्णाला याचा राग येतो, अशी माझी भीती होती. माझा अनुभव उलट आहे. असे बोलणाऱ्या डॉक्टरवर त्याचा विश्वास वाढतो.

दुसरी, प्रत्येक रुग्णाच्या कागदावर रक्तदाबाच्या शेजारीच तंबाखूची नोंद असावी. बिडी किती, चघळणे किती, मशेरी किती वेळा. स्त्रियांनाही विचारावे, कारण त्या आपणहून सांगत नाहीत. दर भेटीला तो आकडा पुन्हा विचारावा. जो आकडा आपण विचारतो, तोच रुग्णाला महत्त्वाचा वाटतो. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवरील दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे, तिची माहिती प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावावी.

तिसरी विनंती जरा अवघड आहे. या स्मरणिकेच्या मागील काही अंकांत लेखांच्या मधोमध ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या कॅप्सूलच्या रंगीत जाहिराती छापल्या गेल्या आहेत. जाहिरातींवाचून स्मरणिका निघत नाही, हे मला कळते. मीही पूर्वी कार्यकारिणीत असताना त्या गोळा केल्या आहेत. तरीही हृदयाचे रक्षण करण्याचा दावा करणाऱ्या अशा जाहिराती आपण यापुढे घेऊ नयेत, असा ठराव येत्या वार्षिक सभेत मी मांडणार आहे. त्यामुळे जी तूट येईल तिच्यात माझा वाटा मी देईन.

आता मी रुग्णाला गोळी देताना ‘ताकद’ हा शब्द वापरीत नाही. कागदावर औषधांना अनुक्रमांक घालतो आणि सांगतो, पैसे कमी पडले तर शेवटच्या क्रमांकापासून सोडा, पहिल्या दोन काही झाले तरी सोडू नका, आणि सोडण्याआधी मला येऊन सांगा. एवढे सांगायला अर्धा मिनिट पुरतो. आक्काला मी तो दिला असता, तर बरे झाले असते.